सापळ्यातला परका हात

टर्न कोव्ह, नोव्हा स्कोशिया
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय थेल्मावन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? क्लॅरेन्सरावांचा खोकला? मांजरीच्या डोळ्यात औषध घातलंत का? इकडे तुमचा भाऊ ठणठणीत, आणि त्याचंच गाऱ्हाणं आहे.

काल फावडं आणायला शेडमध्ये गेले. शेवंडांचे सापळे रांगेनं लावलेले. त्यांच्या तोंडाची जाळी त्रेचाळीस वर्षं मीच विणते. माझी गाठ मी डोळे मिटून ओळखेन. सहा सापळ्यांत ती माझी नव्हती! आवळून आवळून मारलेली, भोकं बारीक. एवढी घट्ट गाठ गावात एकच बाई मारते, म्युरिएल. तीच, लग्नाआधी एल्वुड जिच्याबरोबर दर शनिवारी नाचायचा. विचारलं तर म्हणतो कसा, की जाळं ते जाळं, शेवंडांना काय कळतंय!

मी काही जळत नाही हो. पण दुसरीच्या हातचं जाळं पाण्यात जाणार असेल, तर मी या घरात नुसते बटाटेच सोलायचे का? तुम्ही पोटात शिरून विचारा. तुमच्याशी तो बोलेल.

तुमची,
वर्ना

---

हॅलिफॅक्स
१६ फेब्रुवारी १९८७

प्रिय वर्नास, अनेक आशीर्वाद.

गुडघा बोंबलतोय, क्लॅरेन्स खोकतोय, मांजर मात्र मजेत.

एल्वुडला फोन केला. मी बातमी काढायला गेले, तर त्यानेच माझी उलटतपासणी घेतली. सकाळी तुझी बोटं आखडतात, हे तू मला कळवलंस का म्हणे. मला तर तू एक अक्षर लिहिलं नाहीस! म्युरिएलचं नाव काढताच त्याने फोन ठेवला.

पण अगं वेडे, तू तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीस म्हणून तुला पत्ता नाही, म्युरिएल ऑक्टोबरपासून इथे लेकीकडे आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रविवारी चर्चमध्ये मला क्लॅरेन्स समजून तब्येत विचारत होती. ती कसली जाळी विणतेय! मग कोण? आता मलाच चैन पडेना. गुरुवारी तू गाण्याच्या सरावाला जातेस, तेव्हा शेडमध्ये कोण येतं ते बघ आणि ताबडतोब कळव.

तुझी,
थेल्मा

---

टर्न कोव्ह
२७ फेब्रुवारी १९८७

प्रिय वन्संना,
सा. न. वि. वि.

काल सराव बुडवला आणि शेडच्या खिडकीतून पाहिलं. तुमचा भाऊ एकटाच स्टोव्हपाशी बसलेला. माझं जुनं जाळं समोर खिळ्याला टांगलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ बाहेर, आणि स्वारी विणतेय! जन्मभर दोर ओढलेले हात ते, गाठ आवळणारच.

आत जाऊन चांगलं फैलावर घेतलं. तर म्हणाला, माझ्या हातून दोनदा कप पडलेला त्याने पाहिला होता. विणू नकोस म्हटलं असतं तर मी रुसले असते, आणि दुसऱ्या बाईकडून जाळी आणली असती तर मी सापळेच चुलीत घातले असते. आणि खोटं नाही, घातलेच असते.

मग त्याने हळूच विचारलं, की म्युरिएलचा संशय आला होता का. मी साफ नाही म्हटलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. शेवटी खरं सांगून टाकलं. आज एकाहत्तरीचा हा माणूस सकाळीच गुळगुळीत दाढी करून शीळ घालत फिरतोय!

आता तो विणणार आणि मी शेजारी बसून खोड्या काढणार. त्या सहांतली पाच जाळी उसवली. त्यांत शेवंड शिरलंच नसतं. सहावं मात्र तसंच ठेवलंय. तो सापळा वर्षभर रिकामा आला तरी चालेल.

बोटांचं लपवलं म्हणून रागवायचं असेल तर मनसोक्त रागवा, पण पत्रातून, आणि लवकर.

तुमची,
वर्ना