यज्ञेशची जागा

जिझान,
शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९९०

प्रिय हेमा,

तुझं पत्र पोचलं. कुणीतरी वाटेत उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, हल्ली सगळ्यांचीच तशी येतात. उघडणाऱ्याला मराठी येत असेल तर तुमच्या विहिरीच्या पंपाची काळजी आता त्यालाही लागली असेल. हे पत्र मात्र मी इथल्या टपालात टाकत नाही. शेजारचे विजयकुमार रजेवर निघालेत, ते मुंबईला उतरले की पेटीत टाकतील. म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. यज्ञेशच्या नोकरीचं तू विचारलंस, त्याचं उत्तर यातच आहे, पण त्यासाठी तुला सगळं वाचावं लागेल. गोष्टीचं शेवटचं पान आधी बघायची तुझी शाळेपासूनची खोड मला ठाऊक आहे. तेवढी या वेळी आवर.

तुझा यज्ञेश कुवेतहून धडधाकट घरी आला, हे कळलं त्या दिवशी मी शिरा करून अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटला. त्याला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात इराकचं सैन्य शिरलं आणि पोर अंगावरच्या कपड्यांनिशी जॉर्डनच्या वाळवंटात तंबूत येऊन पडलं. तू लिहिलंयस की तो आता कुणाशी बोलत नाही, गावात कुणी कुवेतचं विचारलं की मागच्या दाराने निघून जातो. हेमा, याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. दात येत होते तेव्हा माझ्या बांगडीवर चावायचा. तू म्हणालीस, सिराजभाईंना सांग, त्यांच्या वर्कशॉपमध्ये बघतील काही होत असेल तर, पोराचे हात कामाला लागले की तो माणसात येईल. आमच्या ह्यांनी त्याच आठवड्यात अबू हादीला विचारलं होतं. अबू हादी आमचा कफील. ज्याच्या नावावर आपण इथे राहतो आणि राबतो, तो सौदी माणूस. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस त्याला हवाच होता. एकाच माणसाची परवानगी आहे म्हणाला, आणा तुमचा मुलगा. जागा यज्ञेशचीच, असं तेव्हा फोनवर मी तुला सांगितलं, त्यातलं काही खोटं नव्हतं.

इथे आम्ही बरे आहोत. लढाई होईल ती वर उत्तरेला, दम्माम आणि हफ्र अल बातिनकडे. तिकडे म्हणे रस्ता दिसत नाही इतक्या लष्करी गाड्या आहेत. आम्ही पार दक्षिणेच्या टोकाला, समुद्राकाठी. तरी लोकांनी पाण्याचे कॅन भरून ठेवलेत आणि खिडक्यांच्या काचांना पट्ट्या चिकटवल्यात. संध्याकाळी सगळी बिल्डिंग रेडिओला कान लावून बसते. पण जिझानवर जे आलंय ते आकाशातून आलेलं नाही. इथून थोडं खाली गेलं की यमनची हद्द लागते. यमनच्या सरकारने इराकविरुद्ध उभं राहायला नकार दिला, त्याचा राग इथे राबणाऱ्या यमनी माणसांवर निघाला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर सगळं ओलंच आहे. यमनी लोकांना आजवर कफील लागत नव्हता. भाऊबंदच ते, यायचे, दुकान टाकायचे, राहायचे. सप्टेंबरात हुकूम निघाला की त्यांनीही कफील शोधावा, नाहीतर देश सोडावा. या महिन्यात मुदत संपते. आमच्या खिडकीतून हद्दीकडे जाणारा रस्ता दिसतो. गाद्या, फ्रीज, बकऱ्या आणि त्या सगळ्याच्या वर बसलेल्या बाया, अशा गाड्या दिवसभर जात असतात. पहिले काही दिवस मी मोजत होते, मग पडदा ओढून घेतला.

आमच्या समोरच्या दारात यमनी जोडपं राहतं, नजीबा आणि अब्दुलवासे. त्यांची मुलगी तीन वर्षांची. नजीबाबद्दल मी तुला मागे लिहिलं होतं, मोडकंतोडकं हिंदी बोलते ती. एडनची आहे. इंग्रजांच्या काळात एडनचा कारभार मुंबईहून चालायचा, तिचे वडील तिथल्या बंदरात आपल्या लोकांबरोबर काम करायचे, तिथून हे हिंदी आलं. पहिल्या दिवशी मला दारात बघून म्हणाली, “तुम कैसा है, बाई?” आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. मला अरबी धड येत नाही आणि तिला हिंदी धड येत नाही, तरी आमचं कधी अडलं नाही. बांगडा आपल्यासारखा तिखट करायला मी तिला शिकवलं. तिने मला भाकरीवर मध आणि तूप घालायला शिकवलं, त्याचा परिणाम माझ्या कमरेवर दिसतो.

अब्दुलवासे उत्तर यमनचा, ती दक्षिणेची. मे महिन्यापर्यंत ते दोन वेगळे देश होते, आणि त्यांच्यात लढायाही झाल्या होत्या. त्यामुळे त्या घरात राजकारण रोज जेवायला असायचं. तो म्हणायचा, तुमचे एडनवाले नास्तिक. ती हसत म्हणायची, तुमचे डोंगरातले लोक बुरसटलेले. तिच्या हसण्यामागे काय आहे ते मला फार उशिरा कळलं. शहाऐंशीच्या जानेवारीत एडनमध्ये सरकारातलेच दोन गट एकमेकांवर उठले. तिचा धाकटा भाऊ बंदरात कारकून होता, त्याने कधी बंदूक हातात धरली नव्हती. रस्त्यात अडवून त्याचं ओळखपत्र बघितलं. त्यावर वडिलांचं गाव होतं. गाव दुसऱ्या गटाच्या भागातलं, म्हणून त्याला गाडीत बसवून नेलं. अडवणाऱ्यांत एकजण त्यांच्याच गल्लीतला होता, त्यांच्याच घरी जेवलेला. भाऊ परत आला नाही. ती उत्तरेत पळून आली, आई मात्र एडनमध्येच राहिली. उत्तरेत अब्दुलवासेशी लग्न झालं, आणि तो तिला इथे घेऊन आला. या मे महिन्यात दोन्ही यमन एक झाले, त्या दिवशी दोघं नवराबायको आमच्याकडे पेढ्यांसारखं काहीतरी घेऊन आली होती. ती हसत होती आणि मधेच रडत होती. मी म्हटलं, आता जाऊन आईला भेटून ये. म्हणाली, “जाएगा. अभी नहीं. थोडा देखेगा.”

अब्दुलवासे माणूस वाईट नाही, पण त्याचं नाक फार वर. वर्कशॉपला लागूनच त्याचं होडीच्या सुट्या भागांचं दुकान. ह्यांची इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची कागदपत्रं दरवर्षी अबू हादीकडे फिरायची, तेव्हा तो चहा पीत चिडवायचा, तुम्हा हिंद्यांना मालक लागतो बाबा, आम्ही आमच्या घरात आहोत. हुकूम निघाला तेव्हाही हेच चालू. मी इथे इतकी वर्षं काढली, माझ्यासाठी कुणी जामीन राहायचा म्हणजे काय, मी काय हिंदी आहे का, असं तो ह्यांच्याच तोंडावर म्हणाला. हे पाना पुसत बसले. त्या पहिल्या दिवसांत चांगले कफील मिळत होते. त्याच्या भाईबंदांनी धावपळ करून कुठे ना कुठे नाव लावून घेतलं. हा दुकानात बसून राहिला, सरकार शब्द मागे घेईल म्हणून. गर्वाचं घर खाली. आता दारोदार फिरला तरी कुणी यमनी माणसाचं नाव लावून घ्यायला तयार नाही. दुकानातला माल मिळेल त्या भावाला गेला.

मागच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला. दारातच उभा राहिला, आत बस म्हटलं तरी बसला नाही. ह्यांना म्हणाला, तुझ्या अबू हादीला विचार, मी मदतनीस म्हणूनही राहीन, तुझ्या हाताखाली. ज्याने जन्मभर चिडवलं त्याच्या तोंडून हे ऐकताना ह्यांनाच लाज वाटली. त्यांनी विचारलं. अबू हादी म्हणाला, मला इंजिनं चालू झालेली हवीत, तुमचा हिंदी मुलगा करो नाहीतर यमनी करो. जागा एकच आहे. गुरुवारपर्यंत नाव सांगा, खलास.

हेमा, मी यज्ञेशच्याच बाजूने होते. हे तुला स्पष्ट सांगते. ह्यांना म्हटलं, अब्दुलवासेने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलाय, त्याचं आपण का निस्तरायचं? शेजारी चार वर्षांचे, हेमा जन्माची. माझ्या मोठ्या मुलाच्या बाळंतपणात हे इथे होते, महाडच्या दवाखान्यात कुणीतरी जबाबदार माणूस हवा म्हणाले तेव्हा तूच बहीण म्हणून सही केली होतीस आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिली होतीस. अब्दुलवासेसाठी त्याचा देश तरी आहे, आता तर तो एक झालाय. यज्ञेशला काय आहे? ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मैत्रीण तुझी, शेजारीणही तुझी. तू सांगशील ते नाव मी देईन. पुरुष असे वेळेला बरोबर बाजूला होतात.

मंगळवारी दुपारी नजीबा आली. हाताला कोपरापर्यंत चुना. मला तिच्या घरी घेऊन गेली. घर रिकामं झालं होतं, दोन बोचकी भिंतीला लावून ठेवलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीला तिने स्वतः चुना लावला होता, फरशी घासून काढली होती. मला वाटलं घरमालकासाठी. तर म्हणाली, मी मालकाशी बोलले, खोल्या तुमच्या मुलाला द्यायच्या, दुसऱ्या कुणाला नाही. हेमा, तिला यज्ञेशचं सगळं माहीत होतं, मीच ऑगस्टपासून सांगत आले होते. नवऱ्याने विचारलेलं अबू हादीने मानलं नाही आणि जागा कधीच यज्ञेशच्या नावावर गेली, असं ती धरून चालली होती. निवड अजून माझ्या हातात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. पलंग ठेवून जाते म्हणाली, पोराला खाली झोपवू नकोस, तंबूत झोपून आलाय तो. मग खिडकीशी नेऊन समजावलं, “लडके को बोलना, ये बंद रखना. बकरी आती है.” मासे खातो का, भिंतीला वास राहिला असेल तर त्याला चालेल का, हेही विचारून घेतलं.

मी विचारलं, कुठे जाणार? म्हणाली, हद्दीपलीकडे समुद्राकाठी तंबू उभारलेत, आधी तिथे. मग बघायचं. मी म्हटलं, आईकडे एडनला जा, आता तर सगळं एक आहे. ती बोचक्याची गाठ पुन्हा सोडून बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “लोग वोही है, बाई. झंडा नया है.” तिच्या भावाला नेणारा तो माणूस अजून त्याच गल्लीत राहतो, आईच्या घरासमोर. आता तिकडे दोन्हीकडची सैन्यं जशीच्या तशी आहेत, प्रत्येकाकडे आपापल्या तोफा, आणि वर बसलेले एकमेकांना मिठ्या मारतायत. पुन्हा फाटलं तर माझ्या मुलीच्या कार्डावर कोणाचं गाव लिहिलेलं असेल, बापाचं की माझं, असं तिने विचारलं. मी घरी आले, दार लावलं आणि रडले.

आता शेवट वाच. काल गुरुवार होता. ह्यांनी अबू हादीला नाव दिलं ते अब्दुलवासेचं, आणि द्यायला मी सांगितलं. यज्ञेशची जागा मी दिली, हेमा. आधी तुला विचारायला हवं होतं, हे मला कळत होतं. टेलिफोनच्या दुकानातून फोन लागला असता, मी दोनदा तिथवर जाऊनही आले. पण मी विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मी तुला ओळखते. मग रोज सकाळी मागच्या दाराने निघून जाणाऱ्या पोराकडे बघताना तुला वाटलं असतं की आपणच त्याच्या हातचं काम काढून दिलं. आईने ते का म्हणून सोसावं? म्हणून तुझं ‘हो’ मी मागितलंच नाही. यज्ञेशला सांग की मावशीने शब्द मोडला, आईचा यात काही संबंध नाही. तुम्ही दोघं माझ्यावर हवं तेवढं रागवा, माझ्याशी बोलू नका. पण राग घेऊन का होईना, तो कुणाशी तरी बोलेल असं बघ.

तू रागावलीस तरी तुझीच,
बिलकिस