गाडी झाली की हिला आणायला

२ फेब्रुवारी, रविवार

ही परवा भावाकडे राहायला गेली. एकच बॅग नेली, म्हणजे लवकर येणार.

झालं एवढंच की हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मुख्य टेक्निशियनच्या जागेसाठी हिची मुलाखत होती आणि गाडी उड्डाणपुलावर बंद पडली. ही टॅक्सी करते म्हणत होती. मीच म्हटलं, दारात गाडी असताना टॅक्सी कशाला. ही घामाघूम होऊन पोचली तेव्हा मुलाखत घेणारे उठून गेले होते. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. यात दोष असलाच तर गाडीचा.

तेव्हा ठरलं. गाडी ठणठणीत करायची आणि तीच घेऊन हिला आणायला जायचं. गॅरेजला द्यायची नाही. सगळं स्वतःच्या हातांनी. हिलाही कळू दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. हत्यारांची पेटी आणली. निम्म्या हत्यारांचं काय करतात ते पेटीवरच्या चित्रावरूनही कळत नाही, पण पेटी भारदस्त आहे.

बॉनेट उघडल्या उघडल्या दोष सापडला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर. गरम पाण्यात सोडा घालून ब्रशने घासून काढला. (ब्रश दाताचा. हिचा. नवीन आणायचा आहे.) किल्ली फिरवली, गाडी सुरू!

खरं तर लगेच निघता आलं असतं. पण अर्धवट काम मला पटत नाही.

संध्याकाळी हिला फोन केला. टर्मिनलचं सविस्तर सांगितलं. हिने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दिवसाबद्दल अजून काही बोलायचंय का तुम्हाला? म्हटलं, हो, एअर फिल्टरही बघणार आहे. फोन कट झाला. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

एअर फिल्टर काढला. झटकला. खोकलो. परत बसवला. एक क्लिप उरली. कंपनीवाले जास्तीची देत असावेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ऑइल बदललं. एकट्याने.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. सुरुवातीचा भाग पाहूनच सगळं लक्षात आलं. गाडी जॅकवर चढवली, खाली टेकू दिले, पाठीवर सरपटत आत गेलो. बोल्ट दिसला, सोडवला. ऑइल मधासारखं निघालं. व्हिडिओतल्या माणसाचं काळंकुट्ट होतं. मी गाडी किती जपतो याचा आणखी काय पुरावा हवा?

बोल्ट लावला, वरून नवीन ऑइल ओतलं. पट्टी बुडवून पाहिली तर खुणेच्या बरंच वर. कमी पडण्यापेक्षा बरं.

मेहुण्याचा फोन आला. हिची सर्टिफिकेटं कपाटात आहेत, ती कुरियरने पाठवा म्हणाला. म्हटलं, कुरियर कशाला, गाडी घेऊन मीच येतोय. तो म्हणाला, भाऊजी, गाडीची घाई नाही, कागदांची आहे. हा मनुष्य मुळातच उतावळा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी गेटपर्यंत नेली. गिअर टाकताना खडे दळल्यासारखा आवाज. मागून निळा धूर. तळमजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले. त्यांना समजावलं की नवीन ऑइल रुळायला वेळ लागतो. त्यांनी खिडकीही लावून घेतली.

ढकलत परत आणली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. शेवटी तो मनुष्य सांगतो की खाली दोन बोल्ट असतात. एक इंजिन ऑइलचा, दुसरा गिअरबॉक्सचा. गल्लत करू नका. हे शेवटी सांगायची गोष्ट आहे का?

मी गिअरबॉक्स रिकामा केला. इंजिनातलं जुनं ऑइल तसंच आहे आणि त्यावर नवीन. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिन गळ्यापर्यंत भरलेलं.

खरा बोल्ट सोडवायला गेलो. जोर लावला. बोल्टचे कोपरे झिजून तो गोल झाला. आता पाना नुसता फिरतो.

हिचा फोन आला. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात शुक्रवारी मुलाखत आहे, सर्टिफिकेटं न्यायला भाऊ येतोय. म्हटलं, शुक्रवारपर्यंत गाडी होते, मी सोडतो ना तुला. ही म्हणाली, तुम्ही घरीच थांबा.

माझ्या पाठीची काळजी. सांगत नाही, पण असते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही आली होती.

मेहुण्याच्या गाडीतून आली. मेहुणा शेजारी बसला होता. गाडी ही चालवत होती. दोन खांबांच्या मधल्या जागेत एका दमात पार्क केली. मी तिथे तीनदा पुढेमागे करतो.

कधी शिकलीस विचारलं. म्हणाली, लायसन्स जुनंच आहे. घरच्या गाडीला हात लावू दिला नाहीत, म्हणून दादाकडे सराव केला.

काल मुलाखत झाल्या झाल्या नोकरी मिळाली. तिथेच जवळ खोलीही लगेच ठरवून आली. कपडे, पुस्तकं, शिलाई मशीन नेलं. मशीन मी आणि मेहुण्याने मिळून उतरवलं. बोलायचं पुष्कळ होतं. मी म्हटलं, टायरची हवा बघून घे. म्हणाली, सकाळीच पंपावर बघितली. मग म्हटलं, कूलंट तरी बघतो, बॉनेट उघड जरा.

ही म्हणाली, नको. प्लीज.

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला काहीतरी सुचलं असतं.

१ मार्च, शनिवार

गाडी गॅरेजला दिली. टो करून नेली. मेकॅनिकने विचारलं, याला कुणी हात लावला होता? म्हटलं, आधीच्या मालकाने.

८ मार्च, शनिवार. सकाळी

गाडी आली. किल्लीला नुसता हात लावला आणि सुरू. आवाज नाही, धूर नाही. गिअर लोण्यासारखे पडतात.

आत बसलो. आरसा नीट केला. एसी लावला, बंद केला. ही कुठल्या गावी आहे ते माहीत आहे. पत्ता तिने दिला नाही, मीही विचारला नव्हता. इंजिन चालू ठेवून बराच वेळ बसलो.

तळमजल्यावरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, निघालात वाटतं.

म्हटलं, नाही, आत्ताच आलो.