चिमणीचा पाइप माळ्यावर

मंगळवार, संध्याकाळ

आज डोकं फिरलंय. चिमणी बसवून आठ दिवस झाले आणि पहिल्या दिवसापासून सासूबाई सांगत होत्या, "अगं, फोडणीचा धूर माझ्या खोलीत येतोय." मी काय म्हणाले? "आई, नवीन चिमणी आहे, तुम्हाला उगाच वाटतंय." एकदा नाही, दोनदा म्हणाले.

आज दुपारी मिरचीची फोडणी टाकली आणि त्यांचा खोकला थांबेचना. शेवटी स्टूलवर चढून माळ्यावर डोकावले. हा माळा त्यांच्या खोलीपर्यंत आरपार आहे. पाइप बाहेर गेलेलाच नाही! जुन्या गाद्यांमागे नुसता सोडून दिलाय. गाद्यांवर तेलाचा चिकट थर. त्यावर एखादी ठिणगी पडली असती तर?

चिमणी बसवून गेलेल्या, हाटकेश भागातल्या फिटरला फोन लावला. "मॅडम, दीवार में होल करने का परमिशन नहीं था, तो अंदर छोड़ दिया." मग सांगायचं ना! आणि पाइप जातो कुठे, हे मीही एकदा बघायला नको होतं?

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. खिडकीच्या वरच्या काचेतून पाइप काढायला त्यांनी दोन मिनिटांत परवानगी दिली. उद्या फिटर येतोय, मी समोर उभी राहणार. तोवर चिमणी बंद, गाद्या खाली.

घरी येऊन म्हणाले, "आई, तुमचं बरोबर होतं. चुकलं माझं."

त्या लसूण सोलत होत्या. "धुराचं काही नाही गं. पण मी सांगते ते तुला खरं वाटलं नाही, त्याचं वाईट वाटलं."

शेजारी बसून मीही लसूण सोलायला घेतला.