ड्रायव्हरच्या सीटवरचं वजन

वळ, ६ जानेवारी २०२४

चि. दीपेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांत हे दुसरं. आई म्हणते फोन करा, पण फोनवर मला काही कळत नाही. कानातलं मशीन शिट्टी मारतं. कागद बरा. कागद पुन्हा वाचता येतो.

तू लिहिलंस की चेन्नईची कंपनी तुझा करार आणखी तीन वर्षं वाढवते आहे, मार्चअखेर सही करायची आहे, तेव्हा गाडी विकून टाका. ठीक. पडघ्याचा हिरामण, मातीचे डंपर आहेत तो, रविवारी येऊन गेला. गाडी त्याला आवडली. आत बसायला त्याला पाच मिनिटं लागली आणि बाहेर काढायला मला आणि आईला. तुझ्या ठेंगण्या गाडीत ब्याण्णव किलोचा माणूस बसला की कसं दिसतं ते तू पाहायला हवं होतंस.

पण गाडीत खोट निघाली. गतिरोधकावरून जाताना मागे डाव्या बाजूला खट्ट असा आवाज येतो. उभ्या गाडीला जोरात रेस दिली की मागची चाकं करडासारखी उड्या मारतात. आवाज मला आला नाही. तीस वर्षं बारा लूमच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली, आता कान कुठले. उड्या मात्र पाठीच्या मणक्यात कळल्या. हिरामण म्हणाला, काका, एवढं करून द्या, मी नेतो.

शेलार गावच्या मेकॅनिकने गाडीखाली न वाकताच मागचे दोन्ही शॉकअप बदला म्हणून सांगितलं. त्याला चहा पाजून परत पाठवला. काय तपासायचं ते तू लिही.

आईचा गुडघा दुखतो, पण ती तुला कळवू नका म्हणते. तेव्हा कळवत नाही.

तुझा लोभ होता तेवढा राहू दे.
बाबा

*

चेन्नई, १५ जानेवारी २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

अंदाजाने काहीही बदलू नका. आधी डिकी रिकामी करा. जॅक आणि पाने सुटे असले तरी असाच आवाज येतो. मग गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदाच वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक आहे. डुलत राहिली तर गेला. मग खाली जाऊन सळईने एकेक आर्म हलवून बघा. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे लोखंडी हात. ते जिथे जोडले आहेत तिथे रबरी बुश आहेत. तुम्हाला माहीत आहे.

मी इथे हेच करतो. ट्रॅकवर दिवसभर गाड्या चालवतो आणि कुठे काय वाजतं ते लिहून देतो. संध्याकाळी चाव्या परत करतो.

माझा सतरा नंबरचा पाना तिथे राहिला होता. आहे का, की लूमच्या शेडबरोबर तोही गेला, ते सवडीने कळवा. घाई नाही.

आईला गुडघ्याचा फोटो काढून घ्यायला सांगा. मी सांगितलं असं सांगू नका.

आपला,
दीपेश

*

वळ, २४ जानेवारी २०२४

चि. दीपेश यास,
अनेक आशीर्वाद.

डिकी रिकामी केली. जॅक, तुझे बूट, एक छत्री, आणि आई दोन वर्षं शोधत होती तो स्टीलचा डबा निघाला. आई डब्यावर चिडली, मग डबा घासून फडताळात तुझ्या ताटाशेजारी ठेवला. आवाज तसाच आहे. मला नाही, आईला येतो. आई गतिरोधकाशेजारी उभी राहते आणि आवाज आला की हात वर करते. येणारेजाणारे तिला रिक्षा थांबवणारी समजतात.

शॉकअप ठीक आहेत. सळईने काही हललं नाही. गाडी उभी असताना खोट लपते, चालताना बाहेर येते. लूमचंही तसंच असायचं.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. लूमच्या जुन्या कोनावरचं, म्हणजे रिळावरचं, ताण्याचं सूत घेतलं. प्रत्येक आर्मच्या बुशापाशी, बोल्टापासून आर्मच्या कडेपर्यंत एकेक धागा बांधला. आर्म वरखाली होणारच, तेवढी ढील ठेवली. त्यापेक्षा जास्त हललं तर धागा तुटेल. रविवारी गोदामांचा रस्ता मोकळा असतो. तीन फेऱ्या मारल्या आणि खाली जाऊन पाहिलं. सगळे धागे शाबूत. फक्त डावीकडचा, खालच्या आर्मचा आतल्या बाजूचा तुटलेला. पुन्हा बांधला. पुन्हा तोच तुटला.

पाना आहे. कुठे जाणार. त्याच्या दांड्यावर तुझ्या हाताचं ग्रीस आहे. पुसलेलं नाही.

आई विचारते, तिथे सकाळचं जेवन करतं कोन, आनि करतं की न्हाय. याचं उत्तर दे, नाहीतर तीच पत्र लिहायला बसेल.

माया असू दे.
बाबा

*

चेन्नई, २ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सूत बांधण्याची युक्ती इथे सांगितली. आमच्याकडे याच कामासाठी महागडी यंत्रं आहेत. साहेबांनी पत्राचा तेवढा भाग मला दोनदा इंग्रजीत सांगायला लावला.

बुश फाटला आहे. रेस दिली की रबर आर्मला धरून ठेवू शकत नाही. चाक मागे खेचलं जातं, सुटतं, पुन्हा पकडतं, पुन्हा सुटतं. म्हणून उड्या.

पण ते बुश नवे होते. दोन वर्षांत फाटायला नकोत, आणि गाडी चाललीही नाही. माझ्या आठवणीप्रमाणे मी नवे बुश बसवले होते आणि बोल्ट फक्त हाताने लावले होते. आवळायचे राहिले होते. नंतर ते कोणी आवळले? तेव्हा चाकं जमिनीवर होती की लटकलेली? लटकलेली असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली उतरवली की ते पिळतं, आणि पिळलेलंच राहतं. गाडी नुसती उभी असली तरी. त्याला सुटका नसते.

मी दोष देत नाही. कारण कळलं नाही तर नवे बुशही फाटतील, एवढ्यासाठी विचारतो.

सकाळी मी जेवतो. इडली.

आपला,
दीपेश

*

वळ, ११ फेब्रुवारी २०२४

चि. दीपेश यास,
अनेक आशीर्वाद.

मी आवळले. गाडी ठोकळ्यांवर होती. चाकं लटकलेली होती.

तो दिवस तुला आठवतो, तरी लिहितो. आपण सकाळपासून गाडीखाली होतो. दुपारी कुरियर कंपनीचा माणूस कुलूप घेऊन आला, आणि लूमची शेड मी त्यांना गोदामाला दिली हे तुला त्याच्या तोंडून कळलं. तुला तिथे गॅरेज घालायचं होतं. मी तुला न विचारता सही केली होती. तू ओरडलास, हात पुसलेस आणि निघालास. मला वाटलं, गाडी नीट उभी दिसली तर तू वळशील. म्हणून घाईने बोल्ट आवळले, जोर लावून. मग ठोकळे काढले. तोवर तू नाक्यावरून गेला होतास.

लूमचा बोल्ट मी कधी असा आवळला नाही. बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, चढवून, ताणा भरून, मग आवळायचा. बिनवजनाचं आवळू नये हे मीच तुला शिकवलं होतं.

आणखी एक. मी गाडी कुठे ठेवतो हे तू कधी विचारलं नाहीस. शेड दिली, पण पुढची, बीम ठेवायची ती बीमखोली करारात घातली नव्हती. आधीपासूनच. गाडी तिथे आहे. तुझा कामाचा कट्टा तिथेच आहे. हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. तू ओरडत होतास, मी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं होतं.

नवे बुश आले आहेत. या वेळी चाकं जमिनीवर ठेवून आवळीन. बीमखोलीत खड्डा आहे, त्यात उतरलं की हात पोचतो. पण तुझ्या जुन्या वहीत लिहिलं आहे की ड्रायव्हरच्या सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाएवढं वजन ठेवून मगच आवळावं. कुणाचं ठेवू? हिरामणचं ब्याण्णव आहे. तुझं तेव्हा बहात्तर होतं. आता किती, ते मला माहीत नाही.

उत्तराची वाट बघतो.
बाबा

*

चेन्नई, २० फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

गाडी हिरामणची होणार. वजन त्याचंच ठेवायला हवं. पद्धत तशीच आहे.

बीमखोलीचं मला माहीत नव्हतं. पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी ट्रॅकवर एकाच वळणाला तीनदा चुकलो.

करारावर सही अजून केलेली नाही. कागद टेबलावर आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एकसष्ट. आईला सांगू नका.

आपला,
दीपेश

*

वळ, ३ मार्च २०२४

चि. दीपेश यास,
अनेक आशीर्वाद.

आईला सांगावं लागलं. तांदूळ तिच्याकडून घ्यायचे होते. तीस किलोची दोन पोती आणि एक किलोचा तो स्टीलचा डबा भरून. एकसष्ट कशाला, असं तिने विचारलं. सांगितल्यावर तिने डब्याचं झाकण दाबून लावलं. मग म्हणाली की इडलीने मानूस जगत न्हाय.

पोती सीटवर बसवली. सीटचा पट्टा लावला, नाहीतर घसरत होती. मी खड्ड्यात उतरून बोल्ट आवळले, तुझ्या सतरा नंबरच्या पान्याने. सावकाश. मग पोती काढली, नवे धागे बांधले आणि आईला शेजारी बसवलं. ती त्या गाडीत पहिल्यांदाच बसली. गतिरोधकावर मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. आवाज नाही. रस्ता मोकळा होता तिथे मी गाडी उभी केली आणि रेस तळाला दाबली. चाकं उडाली नाहीत. आईने माझा दंड धरून गावदेवीला हाक मारली असावी. तोंड हललं एवढं मला दिसलं. खाली जाऊन पाहिलं तर सगळे धागे शाबूत.

सोमवारी हिरामण आला. मी त्याला सांगितलं की हे एकसष्ट किलोवर आवळलं आहे, तुझं वजन याला चालायचं नाही. तो हसला आणि म्हणाला, काका, सरळ सांगा ना, तुम्हाला गाडी विकायचीच न्हाय. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिऱ्याला तेवढी सोय असते.

गाडी तुझी आहे. विकायची असेल तर तू ये आणि चावी तुझ्या हाताने दे. करारावर सही कर की नको, यावर मी काही लिहीत नाही. मी एकदा तुला न विचारता सही केली, आता तुझ्या सहीत बोलायचा मला हक्क नाही. बीमखोलीचं कुलूप मात्र काढून ठेवलं आहे.

आई म्हणते, आठ दिवस जरी घरी जेवलास तरी ते बोल्ट पुन्हा सैल करून आवळावे लागतील.

मी म्हटलं, आवळीन.

वाट बघणारा,
बाबा