समतेचे चोवीस कप

१ मार्च १९९४, मंगळवार. पहाटे साडेपाच.
समता प्रबोधन मंडळाची बैठक काल झाली. सभासद अकरा, हजर तीन. ठराव एकमताने पास. फाट्यावरच्या सावळारामच्या हॉटेलात बौद्धवस्तीच्या माणसांसाठी वेगळे कप आहेत. बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात. कान तुटलेले. प्यायचं, आपलं आपण विसळायचं, परत ठेवायचं. हे चौदा एप्रिलच्या आत बंद म्हणजे बंद. अध्यक्ष या नात्यानं मी जाहीर केलं की रामहरी मास्तर कुणाच्या बापाला भीत नाही.
सचिव समाधान बारामतीत बँकेत आहे. तो म्हणाला, आई सत्तरीची झाली, अजून बाहेर उकिडवी बसून चहा पिते. तिला एकदा आत बाकावर बसून प्यायचाय. त्याच्या आईला, अक्काबाईला, मी तसा शब्द देऊन टाकला.

५ मार्च. शनिवार.
सावळारामला खडसवायला गेलो. गिऱ्हाईक फार होतं. चारचौघांत पाणउतारा करणं आपल्या तत्त्वात बसत नाही. आत बसून परिस्थितीची पाहणी केली. दोन चहा, एक भजी प्लेट.

९ मार्च.
समाधान म्हणतो, इंदापूरला जाऊन सरळ तक्रार देऊ, कायदा आहे. त्याला दीड तास हृदयपरिवर्तन समजावून सांगितलं. तो मधूनमधून घड्याळ बघत होता. तरुणांत चिकाटी राहिली नाही.
सावळाराम माझा चुलतभाऊ आहे याचा इथं काही संबंध नाही.

१२ मार्च.
आज बोलणारच होतो. पोट बिघडलं. (भजी.)

१४ मार्च. दुपारी.
बोललो! अगदी परखड. "सावळाराम, या वेगळ्या कपांचं काय?" असं थेट विचारलं. तो म्हणाला, "तात्या, माज्याकडं कपच कमी हायती. हाय त्यात भागवतो."
घरी येताना रस्त्यातच उजेड पडला. प्रश्न जातीचा नाहीच, कपांच्या टंचाईचा आहे. एवढे मोठमोठे विचारवंत होऊन गेले, कुणी हॉटेलवाल्याला विचारलंच नाही.

२२ मार्च.
इंदापूरला जाऊन चिनीमातीचे दोन डझन कप घेतले. पांढरेशुभ्र. पेंटरकडून प्रत्येकावर निळ्या अक्षरांत 'समता' लिहून घेतलं. माझी पत्नी दगडाबाई म्हणाली, कपावर कशाला लिहायचं, कप तो कप. चळवळीला ओळख लागते हे बायकांना कळत नाही.

३० मार्च. बुधवार.
ऐतिहासिक दिवस. फाट्यावर कप-अर्पण सोहळा. माझं भाषण पन्नास मिनिटं. सावळारामनं सगळ्यांसमोर कोनाड्यातले जुने कप दगडावर आपटून फोडले. माझे डोळे भरून आले. समाधान रजा नाही म्हणून आला नाही.
पुढचं लक्ष्य: अख्खा इंदापूर तालुका. मग बारामती. दोन वर्षांत जिल्हा.

२ एप्रिल.
हॉटेलात पाहणी. बौद्धवस्तीतली तीन पोरं चक्क समता कपातून चहा पीत होती. ऊर भरून आला. बाहेर बसली होती, पण आत उकडतं, बाहेर लिंबाची सावली आहे. कप स्वतः विसळले. स्वावलंबन चांगलंच.
मीही समता कप मागितला. सावळाराम गडबडला. म्हणाला, "तात्या, ते तुमच्यासाठी न्हायीत." केवढी ही निष्ठा. समता कप दुसऱ्या कुणाला देतच नाही म्हणे. सगळे चोवीस कोनाड्यात ओळीनं मांडलेत. छान दिसतात.

६ एप्रिल.
समाधान घरी आला. भडकलेला. म्हणे, "गुरुजी, आधी कप फुटके हुते, पण त्याच्यावर काय लिवलेलं नव्हतं. आता लांबनंच कळतंय कुणाचा कोणता." मी म्हणालो, विरोधकांच्या भाषेत बोलू नकोस, आणि म्हणणं लेखी दे. दगडाबाईनं त्याला चहा दिला. आमच्या घरात भेदभाव नाही. त्याचा पेला वेगळा आहे, पण स्टीलचा आहे. त्यानं चहा घेतला नाही. सूर्य डोक्यावर आला की माणसं चिडचिडी होतात.

११ एप्रिल.
चौदा तारखेची तयारी. अक्काबाई बाकावर बसून समता कपातून चहा घेणार, शेजारी मी. सावळारामला गळ घातली. पाच मिनिटांपुरतं कबूल झाला. भाषण पाठ.

१४ एप्रिल. गुरुवार.
चार वाजता अक्काबाई आली. पांढरं लुगडं, हातात काठी, सोबत समाधान. कुणाला न विचारता आत शिरली आणि मधल्या बाकावर बसली. मी शेजारी बसलो. सावळारामनं माझ्यापुढं हॉटेलचा कप ठेवला, तिच्यापुढं समता कप.
तिनं विचारलं, "गुरुजी, ह्याच्यावर काय लिवलंय?"
मी मोठ्यानं वाचलं, समता.
"मंग ह्यो तुमी घ्या," म्हणाली. तिचा कप माझ्यापुढं सरकवला आणि माझा उचलला. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्याली. सगळा. पन्नास माणसं बघत होती, तिनं कुणाकडंच बघितलं नाही.
मग ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, जरा गार होऊ दे. भाषण आठवायचा प्रयत्न केला. चहावर साय धरली.
ती उठली. म्हणाली, "माजा चहा झाला, गुरुजी. आता तुमची वाट न्हाय बघायची." साडेचारच्या एसटीनं दोघं इंदापूरला गेली, पोलिसात तक्रार द्यायला. जाताना समाधाननं कोनाड्यातला एक कप पुराव्याला म्हणून पिशवीत टाकला. कुणाची अडवायची छाती झाली नाही.
हॉटेल रिकामं झालं. मी सावळारामला माझ्यापुढचा समता कप उचल म्हणालो.
तो म्हणाला, "मी न्हाय हात लावायचा. तिनं शिवलेला हाय. तुमी आणलेत, तुमीच धुवा."
मागं हौदावर जाऊन धुतला. कुणी पाहिलं नसावं.