गोड्या पाण्याची पिंपं

६ एप्रिल, लोणार

मॅनेजर दाबकेसाहेबांनी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं. दोन वाफे पुरत नाहीत, मृगाच्या आत पाच पाहिजेत. लढाईमुळे विलायती सोडा बंद, मुंबईचे साबणवाले नि काचवाले कंपनीच्या दारात उभे. तळं यंदा चांगलं मागं हटलंय, पुढल्या साली हटेलच असं नाही. तेव्हा काठानं चिखलाचे बांध घाला, खारं पाणी कोंडा, उन्हात आटवा, पापडी धरली की काढा. आणि खर्च वाढता कामा नये. हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मग बाजूला घेऊन, "देशपांडे, पाच वाफे चालवून दाखवा. तुम्हाला कायम करा असं मी मुंबईला लिहितो."

कायम! ताईचं सासर मेहकरला, कु.च्या घराच्या भिंतीला भिंत. (पूर्ण नाव लिहीत नाही, वही कोणाच्याही हाती पडते.) ताईनं कु.च्या वडिलांकडे, हेडमास्तरांकडे, माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्यांचं उत्तर: "अर्धं कॉलेज, अर्धी नोकरी. मुलगी पण अर्धीच द्यायची का? मृगापर्यंत कायम झाला तर बोलू." नाही झालो तर खामगावचं स्थळ उभंच आहे.

मृगाआधी पाच वाफे. नाहीतर सगळं संपलं.

९ एप्रिल

घोडं कुठं अडतंय ते कळलं. माणसं सकाळी पायाला करडीचं तेल चोपडून चिखलात उतरतात. दुपारी सगळी बाहेर निघून वर धारेखालच्या, गोड्या झऱ्याच्या ओढ्यावर पाय धुवायला जातात. चढ हा असा. जाऊन येईपर्यंत ऊन कलतं. पाय धुतले नाहीत तर खार कातडं खातो, हे खरं. पण अर्धा दिवस!

काशीबाईवर ओरडलो. ती बायांच्या टोळीची म्होरकी.

"चाला ना वो लवकर! वरात चालली का?"

"बाबू, तुमी या ना आमच्यासंगं. नवरदेवाबिगर वरात कशी?"

बाया खदखदून हसल्या. मीही हसलो असतो, पण नवरदेव शब्दावर सध्या हसू येत नाही.

१० एप्रिल

सुचलं! माणसं पाण्याकडे कशाला जायची, पाणीच माणसांकडे आणायचं. सहा पिंपं काठावर ठेवायची, रेड्यांवर चामड्याच्या पखाली घालून धारेचं पाणी खाली उतरवायचं. पिंपात पाय बुडवा, धुवा, चटणीभाकर खा, पुन्हा कामाला.

१२ एप्रिल

चाललं. दुपारचा अर्धा दिवस वाचला. दा.साहेब खूश. "डोकं आहे हो तुम्हाला. भाषा तेवढी सुधारा. 'का'ला 'काऊन' म्हणे! काऊन ही काय भाषा झाली?"

कानशिलं तापली. नागपूरला प्रोफेसरांनी भर वर्गात माझ्या बोलण्याची अशीच नक्कल केली, तेव्हा टेबलावरची बाटली आपटून मी जो निघालो तो कॉलेजला परत गेलोच नाही. आज गप्प बसलो. कु.साठी. तिला हे कोण सांगणार?

२० एप्रिल

तिसरा वाफा चालू, चौथ्याचे बांध होत आले. घाटाखालच्या गावांतून नवी माणसं आणली. टोळी दुप्पट. पिंपं तेवढीच.

काल मेहकरला ताईकडे गेलो होतो. ताईनं मुद्दाम, पीठ घेऊन जा असं निमित्त करून कु.ला बोलावून घेतलं. दारातच उभी राहिली.

"कसला वास येतो हो तुमच्या अंगाला?"

"तळ्याचा."

"लग्नाला तरी आंघोळ करून या."

आणि गेली. पीठ न घेताच!

कोणाच्या लग्नाला? माझ्या की तिच्या? की दोन्ही एकच? ताईला विचारलं तर म्हणते, "मन्या, येडा झालास तू." परतीच्या वाटेवर नुसतं हेच. खामगाववाल्यांचं ठरलं असेल तर ती अशी थट्टा करेल का? करेल. तिचा काय भरवसा.

२ मे



इथं देवळापुढच्या विहिरीला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं. दुपारी काशीबाई पिंपात पाय घालून ओरडली, "बाबू, हे पानी सासूकडलं आणलं का?" सगळे हसले. मी म्हटलं, धारेचंच आहे, माझ्यासमोर भरलं. आणि खरं करून दाखवायला कोपरापर्यंत हात घातला.

बोटं बुळबुळीत. साबण लावल्यासारखी.

सकाळी भरलेलं गोडं पाणी! पण त्यात एकामागून एक इतक्या जणांचे खारानं भरलेले पाय बुडाले. शेवटच्या रांगेची पाळी येईपर्यंत पिंपात तळंच झालं होतं. आम्ही खारानं खार धुतोय. रसायन शिकत होतो म्हणे मी.

तडक दा.साहेबांकडे. ते शांतपणे म्हणाले, "मग काय करायचं?"

"दिवसातून तीनदा पाणी बदला."

"म्हणजे रेडे तिप्पट, पखाली तिप्पट. वाढलेला माल खर्चातच गेला. मग वाढवला कशाला?"

"मग पहिल्यासारखं ओढ्यावर जाऊ द्या."

"म्हणजे पाच वाफे विसरा." मग चष्मा पुसत, "मृगाला किती दिवस उरले? रेटा तोवर. कंपनीचे शेठ मुंबईहून स्वतः येतायत. तुमचं नाव मी सुचवलंय."

'बरं साहेब' म्हणून निघालो. मी! खोलीवर येऊन उशीला गुद्दे मारले.

४ मे

पाय बुडवू देत नाही आता. लोट्यानं वरून ओतायचं. सकाळी बरं वाटलं. पण तिसऱ्या रांगेलाच पिंपं कोरडी. मागचे माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा बुडवणं सुरू.

७ मे

काशीबाईची सून गीता बांधावर बसून होती. टाचांची सालं गेलीत, आत लाल. म्हटलं घरी जा. काशीबाई म्हणाली, "घरी जाऊन का करन? वाफ्यात नाई तर रोज नाई." थट्टा नाही, टोमणा नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेल्याकडून करडीचं तेल आणलं. सकाळीच संपलं. लढाईमुळे आणखी मिळत नाही म्हणतो.

पाचवा वाफा कोंडला आज. दा.साहेबांनी पाठीवर थाप मारली. ती जागा अजून…

१५ मे

ताईचा निरोप गाडीवानाबरोबर. खामगावची मंडळी पुढल्या महिन्यात बघायला येणार. हेडमास्तर दोनदा विचारून गेले, "तुमच्या भावाचं काय झालं?"

शेठ चार दिवसांत येतात. चार दिवस तोंड शिवून ठेवायचं. एवढंच करायचं. देवा, एवढंच.

१९ मे

 क्रमानं लिहितो.

शेठ आले. म्हातारे, डोक्यावर पांढरा टोप, छत्रीवाला मागं. पाचही वाफ्यांवर पापडी उन्हात चमकत होती. दा.साहेब सांगत होते, पुढल्या साली याच खर्चात वाफे आणखी दुप्पट करू. शेठनी बायांच्या पायांकडे बघितलं. "ये लोग टिकेंगे?"

"का नाही? गोड्या पाण्याची पिंपं आहेत ना. रोज ताजं भरतो. देशपांड्यांचीच कल्पना. सांगा हो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुपार उलटलेली, निम्म्याहून जास्त माणसं पाय बुडवून गेलेली. गीता बांधावर. माझ्या मनात कु.चं दार होतं, शपथेवर सांगतो. तोंडातून "होय साहेब" निघणार होतं.

त्याऐवजी लोटा बुडवला आणि दा.साहेबांच्या तोंडापुढे धरला.

"प्या."

"हे काय?"

"ताजं हाय ना? गोड हाय ना? मंग प्या! काऊन नाई पिऊन राह्यले?"

ते मागं सरले. लोट्यातलं पाणी त्यांच्या कोटावर सांडलं. मग माझं भान गेलं. एकेक करून सहाही पिंपं लाथेनं लवंडली.

वाटलं होतं बाया काहीतरी म्हणतील, शाबास म्हणतील. काशीबाई कडाडली, "मेल्या! होतं तेवढंबी सांडलं! रांगेतल्यांनी आता का थुक्यानं धुवाचं?"

खरंच, मागची रांग तशीच उभी होती, पिंढऱ्यांपर्यंत खार. तापल्या दगडांवरून तशीच ओढ्याकडे चढली. गीताला तिच्या नवऱ्यानं पाठीवर घेतलं. मी सगळ्यांच्या वहाणा उचलून मागं. 

वर कचेरीत दा.साहेब म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही." शेठ आरामखुर्चीत बसून पाणी पीत होते, धारेचं. मला म्हणाले, "धारेखालून वाफ्यापर्यंत पन्हळ घातली तर? रेडा नाही, पखाल नाही. उतार तर आहेच."

मला सुचायला हवं होतं ते.

"होईल," मी म्हटलं.

"अंदाज करके भेजो." आणि जालन्याच्या वाटेला लागले. मला ठेवलं की काढलं, त्यांनी सांगितलं नाही. दा.साहेबांनाही विचारायची हिंमत झाली नाही बहुतेक.

२० मे

गेलो कामावर. कोणी हाकललं नाही. कोणी काम सांगितलं नाही.

माणसं आलीच नाहीत. पापडी तयार, काढायला हात नाहीत. दा.साहेब माझ्याकडे न बघता शिपायाला म्हणाले, "सांगा त्यांना, दुपारी ओढ्यावर जा म्हणावं."

२३ मे

माणसं परतली. दुपारी ओढ्यावर जातात. दोनच वाफे निघतात, तीन पडून. गीता येत नाही. काशीबाईला विचारलं तर "हाव, बरी हाय" एवढंच.

मी दोरी घेऊन धारेखालून वाफ्यापर्यंत उतार मोजतोय. वानरं झाडावरून बघतात. अंदाज मुंबईला पाठवला.

२८ मे

ताई स्वतः आली. मेहकरात बोभाटा झालाय. देशपांड्याच्या पोरानं बापाच्या वयाच्या मॅनेजरवर पाणी फेकलं. हेडमास्तर म्हणाले, "आधी बाटली, आता पिंपं. उद्या घरात काय फोडेल?"

"आणि ती?"

"ती म्हणाली, त्या बायांचं पाणी आलं का विचार."

"आणखी काही?"

"नाही रे बाबा."

मुंबईचं उत्तर नाही. पाणी आलं नाही. काय सांगू?

३ जून

खामगावचे येऊन बघून गेले. पसंत की नापसंत, ताईला ठाऊक नाही.

५ जून

सकाळी हेडमास्तरांची बैलांची दमणी कचेरीपुढे. मला वाटलं नकार सांगायला आले. खाली उतरून उपरणं झटकलं नि म्हणाले, "दाखवा तुमचं तळं."

उतरलो.  काठाशी जोडे काढून धोतर खोचलं आणि वाफ्यात शिरले. मी "अहो मास्तर, नको" म्हणेपर्यंत घोट्यापर्यंत चिखलात. काशीबाई बघतच राहिली. जरा वेळ तसेच उभे. बाहेर येऊन म्हणाले, "पाणी?"

"इथं नाही. वर ओढ्यावर."

"मुंबईहून काय आलं?"

"काही नाही."

"खामगावहूनही नाही," ते म्हणाले आणि तसेच अनवाणी चढायला लागले. मी जोडे हातात घेऊन मागं. म्हाताऱ्याला धाप लागली होती, हात दिला तर घेतला नाही. दोनदा थांबले. पायांकडे बघितलं, पुन्हा निघाले.

आमची माणसं धुतात तिथंच, ओढ्यात, बराच वेळ पाय चोळत बसले. बोटांच्या बेचक्यासुद्धा. मी जोडे पुढं ठेवले. ते घालताना म्हणाले, "चढ फार आहे हो, देशपांडे."

"हाव," माझ्या तोंडून वऱ्हाडीच गेलं.

"पाणी आलं की कळवा, पोरगी विचारते," म्हणत ते दमणीत बसले. दमणी मेहकरच्या रस्त्याला लागली.