तीन शनिवारांचं पाणी

आप्पा, तुमच्यावर मी घेतलेला आळ अजून तसाच आहे. आईला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तुम्हाला सतरा, आणि भावकीत आजही हेच म्हणतात की हिवतापाच्या नोकरीतल्या माणसानं हिवताप घरी आणून बायकोला मारलं. हे पहिल्यांदा मी म्हटलं होतं. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, मामांच्या देखत. "तुमीच आणला ह्यो ताप, तिकडच्या डोंगरातनं." तुम्ही मान खाली घालून बसून राहिलात. आईचे एकुलते एक भाऊ उठले आणि पाण्याचा घोट न घेता सांगलीला निघून गेले.

तुमची नोकरी मेढ्याच्या बाजूला. खांद्याला पिशवी, तिच्यात काचपट्ट्या, सुया, कापूस, गोळ्या. वाडीवाडीला जाऊन तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख घालायची. शनिवारी संध्याकाळी उंब्रजला घरी आलात की चपला काढायच्या आधी मला विचारायचात, "पिंप वतलं का गं?" मागच्या दारचं पाण्याचं पिंप आठवड्यातनं एकदा रिकामं करायचं, आतनं काथ्यानं घासायचं आणि दिवसभर पालथं ठेवायचं. तुमच्या खात्यात त्याला कोरडा दिवस म्हणत. आपल्या घरात तो शनिवार, आणि काम माझं. मला त्याची लय चीड होती. नळाला चौथ्या दिवशी पाणी, हापशावर रांग, डोक्यावर बारावीचं वर्ष, आणि आपण भरलेलं पाणी ओतून द्यायचं? त्या उन्हाळ्यात तीन शनिवार मी ते ओतलंच नाही. वरनं अर्धवट फडकं टाकून ठेवलं, आणि तुम्ही विचारलंत की पुस्तकातनं तोंड वर न काढता ओतलं म्हणून सांगितलं. तुम्ही बघायला गेला नाहीत. साऱ्या तालुक्याची पिंपं वाकून बघणारा माणूस, घरच्या पिंपात कधी बघितलं नाही. लेक खोटं बोलंल असं तुमच्या मनात आलं नसावं.

तेरावा झाल्यावर तुम्ही कामावर परत जायला निघालात, त्या सकाळी मी मागच्या दारात आले तेव्हा तुम्ही पिंप आडवं केलेलं होतं. पाणी मातीत पसरलेलं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. तुम्ही उकिडवे बसून बघत होता, त्या थांबेपर्यंत. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "पानी जुनं झालं व्हतं. अभ्यासाला बस जा." एवढंच. ताप पिशवीत बसून येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माणसाच्या रक्तातनं तो डासात जातो, तिथं दहाबारा दिवस वाढतो, मगच दुसऱ्याला चढतो. तुम्हाला स्वतःला ताप नव्हता. उलट आपल्या गल्लीच्या टोकाला रस्त्याच्या कामावर आलेल्या दोघांना त्या महिन्यात हिवताप निघाला होता. हे सगळं तुम्ही मामांना पाच मिनिटांत समजावून सांगू शकला असता. पण मग डास कुठल्या पाण्यातला, असं कुणीतरी विचारलंच असतं. मला चार थोबाडीत मारल्या असत्यात तर बरं झालं असतं, आप्पा. तुमच्या गप्प बसण्याचा मला राग येतो, आणि तो येतो म्हणून स्वतःची लाज वाटते.

मी आता इथं सांगलीत एका कॉलेजात डासांवरच काम करते. लोकांना वाटतं बापाचा वारसा चालवते. मी तसं वाटू देते. डासाच्या पोटात जीवाणू असतात. अळी ज्या पाण्यात वाढते त्या पाण्यातनं ते तिच्यात जातात, आणि काही डास मोठा झाल्यावरही टिकतात. त्यांतले काही असे की रक्ताबरोबर आलेल्या हिवतापाच्या जंतूला ते पोटातच वाढू देत नाहीत. मग तो डास कितीही चावला तरी कुणाला काही होत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दार लावून रडले. वाटलं, आपल्या पिंपातल्या डासांच्या पोटात ते असतीलच की. मग कॉलेजच्या मागं एक पिंप भरलं आणि तीन आठवडे मुद्दाम तसंच ठेवलं. त्यातल्या माद्या एकेक करून सुईनं उघडल्या. काहींच्या पोटात ते जीवाणू होते, काहींच्या नव्हते. एकाच पाण्यातल्या, एकाच दिवशी पंख फुटलेल्या. आईला चावली ती यातली कुठली, हे मला कुठलाच सूक्ष्मदर्शक सांगणार नाही. एवढं शिकून मी त्याच मागच्या दारात उभी आहे.

गेल्या रविवारी मामांकडं गेले होते. ते ऐंशीच्या पुढं गेलेत, हळदीच्या पेठेतलं काम सुटून जमाना झाला, कान मात्र शाबूत आहेत. सगळं सांगायचं म्हणून मनात वाक्यं जुळवून गेले होते. मामींनी चहा ठेवला. मामा म्हणाले, "तू तर डासांचंच शिकलीस. मग खरं सांग मला, माझ्या भनीला ताप तुझ्या बापानंच आणला न्हवं?" मी मान हलवून हो म्हटलं. मामांनी कप माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "चा घे, निवंल." मी चहा घेतला.

खरं म्हणजे हे पत्र त्यांना लिहायला हवं. त्यांचं घर स्कूटीवर दहा मिनिटांवर आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही हे मला तेव्हापासून माहीत आहे.